उघडा चव्हाटा आणि मालकाची खोली



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. संगणकावरच्या गप्पांच्या जुन्या आणि नव्या यंत्रणा हा विषय मी सांगितला आणि ते जरा गोंधळले. पण हा विषय माझ्याकडे आला तो पगाराच्याच भांडणातून.

पुण्यातील एका संगणक कंपनीतून काढून टाकलेली सात मुलेमुली काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत आली. रात्री अकरा-अकरा वाजता त्यांना काम सांगितले जाई, रविवारीही सांगितले जाई, आणि जादा कामाचा मोबदला मात्र नाही. (नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळाली. ती खिशातल्या फोनने कधी परत घेतली हे आम्हांला कळलेसुद्धा नाही.) मी नेहमीप्रमाणे म्हटले, "पुरावा आणा." ती म्हणाली, "पुरावा भरपूर आहे, सगळे हुकूम लेखी आहेत, पण ते कंपनीच्या ॲपमध्ये आहेत आणि आमची खाती त्याच दिवशी बंद झाली."

मी थक्क झालो. गिरणीतला जॉबर तोंडी हुकूम देई, तरी शेजारच्या साच्यावरचा माणूस साक्षीला उभा राही. इथे प्रत्येक शब्द लेखी, तारीख-वेळेसह. आणि कामगाराच्या हातात त्या तोंडी हुकमाइतकेही उरलेले नाही!

त्या सातांत एक पोक्त गृहस्थ होते. ते म्हणाले, "आमच्या उमेदीच्या काळात असे होत नसे. आम्ही आय.आर.सी.वर बोलत असू, आणि बोलणे ज्याच्या त्याच्या संगणकात टिपून राही." हे काय प्रकरण आहे ते मी त्यांच्याकडून आणि नंतर चार पुस्तकांतून शिकलो.

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या तरुणाने ऑगस्ट 1988 मध्ये ही गप्पांची यंत्रणा तयार केली. मे 1993 मध्ये तिचे नियम छापून सर्वांना खुले झाले. 'प्रोटोकॉल' म्हणतात तो हाच: निरोप कोणत्या रीतीने पाठवावा, कोणत्या रीतीने घ्यावा, याचा जाहीर करार. नियम वाचून कोणीही आपला सर्व्हर उभारावा, कोणीही आपले सॉफ्टवेअर लिहावे. परवानगी कोणाची नाही. ऑगस्ट 1991 मध्ये मॉस्कोत लष्करी बंडाचा प्रयत्न झाला, तेव्हा तिथल्या बातम्या याच मार्गाने बाहेर गेल्या, आणि ऐकणाऱ्यांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून आजही वाचावयास मिळतात.

गैरसोयी मात्र पुष्कळ. एक निरोप 512 बाइटांचा, त्यातही पत्ता वगैरे आलेच. देवनागरीचे एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खाते. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्याचा परिच्छेद होतो तिथे आपले एक-दोन वाक्यांतच आटोपते. तुम्ही हजर नसाल तर झालेले बोलणे तुमच्यासाठी कोणी राखून ठेवीत नाही. दोन सर्व्हरांमधला दुवा तुटला की अर्धी सभा अचानक नाहीशी होते. आणि वाटेल तो येऊन वाटेल ते बोलतो. स्त्रियांना याचा जाच फार.

म्हणून फेब्रुवारी 2014 मध्ये स्लॅक सर्वांसाठी खुले झाले तेव्हा लोक तिकडे वळले, यात नवल नाही. एका कंपनीचा संगणकावरचा खेळ चालला नाही; पण तो बनविताना कचेरीतल्या बोलण्यासाठी जे साधन केले होते, तेच तिने विकावयास काढले. जुने बोलणे शोधता येते, चित्रे पाठविता येतात, फोनवर चालते. कामगाराला सोय नको, त्याने तत्त्वासाठी कष्ट सोसावे, असे म्हणणारे पुढारी मी पाहिले आहेत. ते बहुधा स्वतः मोटारीतून येत.

माझी तक्रार सोयीबद्दल नाही. खोली कोणाची आहे याबद्दल आहे. स्लॅकने सुरुवातीला आय.आर.सी.वाल्यांना आत येण्यासाठी एक दार ठेवले होते. लोक स्थिरस्थावर झाल्यावर, 15 मे 2018 रोजी, ते बंद केले. गूगलनेही 2005 साली आपली गप्पांची सेवा जॅबर नावाच्या खुल्या नियमांवर उभी केली, आणि 2013 नंतर नवी सेवा आणून इतर सर्व्हरांशी बोलणे सोडून दिले. जुलै 2021 मध्ये सेल्सफोर्सने स्लॅक सुमारे 27.7 अब्ज डॉलरांना विकत घेतले. सप्टेंबर 2022 पासून फुकट वापरणाऱ्याला नव्वद दिवसांमागचे बोलणे दिसेनासे झाले. भाडेकरूला कोणी विचारले नाही. विचारण्याची रीतही नाही.

आता उलट बाजूचे एक उदाहरण सांगतो, कारण संघटनेच्या माणसाला ते ऐकून झोप लागत नाही. फ्रीनोड नावाचे आय.आर.सी.चे मोठे जाळे होते. खुल्या सॉफ्टवेअरची हजारो मंडळी तिथे बोलत. मे 2021 मध्ये ते कोणाच्या ताब्यात, यावरून वाद झाला. ते चालविणाऱ्या स्वयंसेवकांनी एकजुटीने राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट नावाचे दुसरे जाळे उभे केले. बोलणाऱ्यांना काय करावे लागले? सर्व्हरचा पत्ता बदलावा लागला, नाव पुन्हा नोंदवावे लागले, बस. तेच सॉफ्टवेअर, तेच नियम, तीच माणसे. काही आठवड्यांत मोठी वस्ती उठून गेली आणि मालकाकडे भिंती राहिल्या. असा संप मला माझ्या आयुष्यात एकदाही जमलेला नाही. स्लॅकवरून उठावयाचे तर आपण एकटे उठतो, शेजारी मागेच राहतात.

म्हणून कोणी म्हणेल, सगळे आय.आर.सी.कडे परत चला. तसे होणार नाही. मोझिलासारख्या खुलेपणाचा झेंडा घेतलेल्या संस्थेनेही मार्च 2020 मध्ये आपला आय.आर.सी. सर्व्हर बंद केला, कारण नवख्याला ते अवघड जाई आणि त्रास देणाऱ्यांना आवरणे कठीण होई. पण ती मालकाच्या खोलीत गेली नाही, मॅट्रिक्सवर गेली. मॅट्रिक्सचे नियम खुले, सर्व्हर कोणीही उभारावा, आणि मागचे बोलणेही राहते. वाद जुने की नवे असा नाहीच मुळी. नवी सोय जुन्या करारावर बसविता येते. बसविण्यात फायदा कोणाला, एवढाच प्रश्न उरतो.

आमची युनियन स्वतः काय वापरते, असे तुम्ही विचाराल. व्हॉट्सॲप. सभासद तिथे आहेत म्हणून आम्ही तिथे. गेट मीटिंग मालकाच्या आवारात घेऊ नये हे मी तीस वर्षे सांगत आलो, आणि आमची कार्यकारिणी रोज परक्याच्या आवारात भरते. एका मुलाने आमच्यासाठी मॅट्रिक्सचा सर्व्हर उभा करून दिला आहे. त्यावर सध्या अकरा जण आहेत, आणि त्यांतले दोघे पासवर्ड विसरले आहेत.

त्या सात जणांचे सांगावयाचे राहिले. त्यांतल्या एका मुलीला रात्रीचे निरोप आपल्या बहिणीला दाखविण्याची सवय होती. ती स्वतःच्या फोनने पडद्याचे फोटो काढी. कंपनीवर राग म्हणून नव्हे, बहिणीला वाटे की ही उशिरा येण्याच्या सबबी सांगते म्हणून. असे एकेचाळीस फोटो निघाले. आमचे सगळे प्रकरण त्या एकेचाळीस फोटोंवर उभे राहिले आणि तडजोडीत चौघांना पैसे मिळाले. उरलेल्या तिघांची नावे त्या फोटोंत कुठेच नव्हती.