ग्रंथसूचीची झाडलोट

सिल्वासासारख्या गावी मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली या बोली एकाच बाजारात कानी पडतात. तेथील वाचकाच्या घरगुती संग्रहातही निरनिराळ्या भाषांची पुस्तके शेजारी शेजारी नांदावीत, हे ओघानेच आले. आता पुष्कळांचा संग्रह कपाटात नसून संगणकात असतो, आणि तो लावून ठेवण्याचे काम ‘कॅलिबर’ ही विनामूल्य आज्ञावली करते. कोविद गोयल यांनी २००६ साली तिचा आरंभ केला.

ग्रंथालयात पुस्तके मांडणीवर असतात आणि त्यांची नोंद दाखल-वहीत. येथेही तसेच आहे. पुस्तके आपापल्या कप्प्यांत राहतात. नाव, लेखक, भाषा व विषय यांची नोंद मात्र एकाच फाइलीत असते. ही वही बिघडली, तर पुस्तके शाबूत असूनही हवे ते हाती लागत नाही.

नोंद पुसली की फाइल आपोआप लहान होते, असा समज आहे. तो खरा नव्हे. रिकामी झालेली पाने वहीतच राहतात व पुढील नोंदींसाठी वापरली जातात. पुष्कळ नोंदी पुसल्या गेल्या, तर वही उगाच फुगलेली राहते. संकोचनाच्या वेळी सर्व जिवंत नोंदी नव्या वहीत ओळीने उतरवल्या जातात. त्याकरिता मूळ फाइलीच्या दुपटीइतकी मोकळी जागा लागू शकते. मात्र पुस्तकांचा आकार त्याने घटत नाही, आणि बिघडलेली वहीही दुरुस्त होत नाही.

म्हणून क्रम सांभाळावा. प्रथम कॅलिबर बंद करून संपूर्ण संग्रहाची प्रत दुसऱ्या तबकडीवर घ्यावी. मग ग्रंथसंग्रह-तपासणी करावी. सूचीत असून कप्प्यात नसलेली पुस्तके तीत उघडकीस येतात. संकोचन त्यानंतर.

सूची बिघडलीच, तरी हताश होऊ नये. प्रत्येक पुस्तकाच्या कप्प्यात त्याच्या नोंदीची एक लहान नक्कल असते. तिच्यावरून सूची पुन्हा उभी करता येते. परंतु त्या नकलेत जेवढे उतरले असेल, तेवढेच परत मिळते. स्वतंत्र प्रतीची आवश्यकता आहे ती यासाठीच.

जेथे मराठी पुस्तकांचे दुकान हाकेच्या अंतरावर नाही, तेथे वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह हेच घरचे वाचनालय होय. त्याच्या सूचीची निगा राखणे म्हणजे पुढच्या वाचकासाठी दार उघडे ठेवणे.