कॅन्सरचे उपचार आणि बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या

केमोथेरपीने थकवा आला की घरची मंडळी ताकदीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्स आणतात. पण सरसकट असं करू नये. कॅपेसिटाबिन हे केमोथेरपीचं औषध चालू असताना फॉलिक ॲसिड, म्हणजे बी-९ घेतलं, तर जुलाब, तोंड येणं असे दुष्परिणाम वाढू शकतात. उलट, फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं पेमेट्रेक्सेड देताना डॉक्टर स्वतःच फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि बी-१२चं इंजेक्शन देतात. त्याने या औषधाचा त्रास कमी होतो. शस्त्रक्रियेत पूर्ण जठर काढलं असेल, तर बी-१२ आयुष्यभर लागतं. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मात्र नसांना इजा होऊ शकते. म्हणून पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा आणि मगच ठरवा.