हरीण, गाय, मेंढी आणि एक कृमी

एकच परजीवी निरनिराळ्या प्राण्यांच्या शरीरांत शिरला म्हणजे सर्वांना सारखाच रोग जडतो, असा समज असतो. उत्तर अमेरिकेतील मोठ्या यकृतकृमीची हकीकत या समजाला छेद देते.

हा कृमी पानासारखा चपटा असून पूर्ण वाढल्यावर बोटाएवढा लांब होतो. त्याची अंडी विष्ठेबरोबर पाणथळ जागी पडतात. अंड्यातून निघालेली अळी लहानशा गोगलगाईच्या शरीरात शिरते. तेथे एकीच्या अनेक होतात. बाहेर पडून त्या गवताच्या पात्यांवर कवच धारण करून बसतात आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटातून यकृत गाठतात. (भारतातील गुरांना पिडणारे यकृतकृमी निराळ्या प्रजातींचे, जीवनक्रम मात्र बराचसा असाच.) येथवर हरीण, गाय व मेंढी यांच्यात काहीच भेद नाही.

भेद पडतो तो यकृतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे यकृत कृमीभोवती पातळ पिशवी तयार करते. ती पित्तनलिकेत उघडत असल्याने अंडी बाहेर पडत राहतात, आणि हरीण बहुधा धडधाकट दिसते. गाईच्या यकृतात पिशवीची भिंत जाड व बंद असते. अंडी आतच अडकतात. कत्तलखान्यात यकृत कापल्यावरच बहुधा रोग कळतो. मेंढी व शेळी यांना मात्र कृमीला असे कोंडता येत नाही. तो यकृत पोखरीत भटकतो, आणि एकदोन कृमीदेखील मृत्यूस पुरतात. मरते मेंढी, कुरणात अंडी पेरते ते निरोगी दिसणारे हरीण.

तथापि सारा दोष हरणाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. इटलीत तूरिनजवळच्या ला मांड्रिया या राजोद्यानात अमेरिकेतून वापिटी हरणे आणली गेली. त्यांच्याबरोबर कृमीही आला. गंमत अशी की, या अमेरिकी कृमीचे पहिले शास्त्रीय वर्णन बास्सी यांनी १८७५ मध्ये इटलीतच केले. सोयीची गोगलगाय तेथे होतीच. पुढे मध्य युरोपात, डॅन्यूबकाठच्या अरण्यांतही त्याने ठाण मांडले.

मेंढ्यांना औषध पाजून कुरण शुद्ध होत नाही, कारण अंडी बहुतांशी त्यांची नसतातच. म्हणून मध्य युरोपात हरणांच्या खाद्यातच औषध मिसळून पाहण्यात आले. परंतु रानातल्या गव्हाणीवर दांडगे हरीण अधिक खाते, बुजरे तसेच परतते. मात्रेचा हिशेब राहत नाही. त्यापेक्षा पाणथळ तुकड्याला कुंपण घालणे अधिक भरवशाचे. मात्र कोरड्या उन्हाळ्यात हिरवे गवत त्याच तुकड्यात उरते, आणि ते सोडून द्यायचे असते मेंढपाळाने.