चालता ट्रक का थांबतो?

मंडळी, आज आपण ट्रकच्या इंजिनाविषयी बोलू. आपल्या कोल्हापूर भागात ट्रक सगळ्यांच्या ओळखीचा. ऊस, गूळ, खत, विटा, सारे ट्रकनेच जाते. कुणाचा भाऊ ड्रायव्हर असतो, कुणाचा मुलगा क्लीनर. कुणी कर्ज काढून ट्रक घेतलेला असतो. तो वाटेत बंद पडला की हप्ता काही थांबत नाही.

आम्ही उद्यमनगरात इंजिने दुरुस्त करतो. एकदा एक ड्रायव्हर आमच्याकडे आले. रत्नागिरीकडून जांभ्याचा चिरा भरून येत होते. आंबा घाटात, ऐन चढाला, इंजिन बंद पडले. ट्रक अर्धा हात मागे सरला. मागे दरी. क्लीनर पोरगा चटकन उडी मारून उतरला आणि चाकामागे चिरा टाकला. म्हणून आज ते आमच्यासमोर उभे होते.

"मिस्त्री, पंप गेलाय. मालक म्हणतोय खोलून टाका," ते म्हणाले.

पंप खोलायचा म्हणजे मोठा खर्च. आम्ही म्हटले, "पाव्हणं, पंप नंतर. आधी सांगा, बंद पडताना काय होतं?"

"आधी दम लागल्यागत करती. मग गचके देती आणि मरती."

"मग?"

"धा-पंधरा मिनिटं थांबलं की आपसूक चालू हुती. पुन्हा तासाभरानं तेच. टाकी फुल केली की लवकर बंद पडती बघा."

मंडळी, या शेवटच्या वाक्यात सगळा रोग होता. पण तो कळायला डिझेल इंजिन कसे चालते ते थोडे समजले पाहिजे.

रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाने 1897 साली हे इंजिन चालवून दाखवले. यात ठिणगी लागत नाही. इंजिन हवा आत घेते आणि ती जोराने दाबते. दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, तसेच हे. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की ते पेटते. म्हणजे इंजिनाला हवा हवी, दाब हवा आणि डिझेल हवे. दाब बहुधा एकाएकी जात नाही, तो महिनोन् महिने हळूहळू कमी होतो. चालता ट्रक बंद पडला, तर आधी डिझेलची वाट तपासावी.

बंद पडण्याची तऱ्हा नीट ऐकावी. दिवा मालवावा तसे इंजिन एकदम गप्प झाले, तर वायर बघा. डिझेल बंद करणारा विजेचा खटका काही गाड्यांत असतो, तोही बघा. दम लागून, गचके देत बंद पडले, तर डिझेल कमी पोचते आहे. काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर धुळीने भरला असेल. काटा तांबड्यात गेला असेल तर इंजिन तापले आहे. अशा वेळी रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. वाफेने तोंड भाजते.

आता त्या पाव्हण्यांचा ट्रक. आम्ही पान्याला हात लावला नाही. आधी डिझेलच्या टाकीपाशी गेलो. मूळ झाकण हरवले होते. तोंडावर प्लास्टिकची पिशवी, आणि वरून ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली! पट्टी सोडली तशी फुस्स करून हवा आत गेली.

तेलाचा डबा आठवा. एकच भोक पाडले तर तेल गुटुक गुटुक करत अडकत येते. दुसरे भोक पाडले की धार लागते. डिझेल बाहेर जाते तेवढी हवा टाकीत यावी लागते. झाकणाला त्यासाठीच बारीक वाट असते. इथे ती बंद झाली होती. टाकी भरलेली असली की वरची मोकळी जागा थोडी, म्हणून ओढ लवकर बसे. ट्रक थांबला की कुठून तरी थोडी हवा झिरपे आणि इंजिन पुन्हा चाले. चढावर डिझेल जास्त लागते, म्हणून नेमके घाटात अडायचे.

नवे झाकण बसवले. पंप जागेवरच राहिला.

पण दर वेळी झाकणच असते असे नाही. पुष्कळदा डिझेलच्या नळीत हवा शिरते. विहिरीवरच्या मोटरीचा फुटबॉल गळू लागला की मोटर पाणी सोडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसेच हे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची असते. तिला चीर पडली तर चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून गळती डोळ्यांना दिसत नाही. तिथे पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बघावा. बुडबुडे दिसले की चोर सापडला. कधी चोर म्हणजे चेपलेला तांब्याचा वायसर असतो.

डिझेलमध्ये पाणी असेल तर फिल्टरच्या तळाचे काचेच्या बाटलीत काढून घ्या. पाणी जड, ते खाली बसते.

हे सारे जुन्या तऱ्हेच्या पंपाचे झाले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सहाचे ट्रक आले. त्यांत सेन्सर आणि संगणक असतो. सेन्सर बिघडला तरी इंजिन थांबते, आणि तो यंत्र लावूनच कळतो. त्यांच्या डिझेलच्या नळीत दाब भयंकर असतो. चालू इंजिनात ती नळी सैल करू नका. धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणि घाटात इंजिन बंद पडले तर? इंजिन थांबले की ब्रेकची हवा भरणे थांबते. स्टिअरिंगही जड होते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये. एकदा दाबून धरावा, हँडब्रेक लावावा, गिअर टाकावा, चाकामागे अडण लावावी. उतारावर बंद पडले तर गिअर काढू नये, क्लच दाबू नये. चाके इंजिन फिरवत राहतात आणि हवाही भरत राहते. डिझेल वाचवायला काही जण उतारावर इंजिन बंद करतात. आम्हाला ते मुळीच पटत नाही.

ते पाव्हणे पुढेही येत राहिले. आता त्यांच्या ट्रकमध्ये बाभळीचे दोन ठोकळे असतात. क्लीनरच्या पायाशीच ठेवलेले.