अडकलेला काटा



मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्रांत गेले. अणुविज्ञानावर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु ‘द चायना सिंड्रोम’ या १९७९ च्या अमेरिकी चित्रपटाविषयी एक प्रेक्षक म्हणून चार शब्द अवश्य सांगेन.

जेम्स ब्रिजेस दिग्दर्शित ही कथा कॅलिफोर्नियातील एका काल्पनिक अणुवीज केंद्रात घडते. दूरचित्रवाणीची वार्ताहर (जेन फोंडा) आणि तिचा कॅमेरामन (मायकेल डग्लस) तेथे गेलेले असतानाच केंद्राला हादरा बसतो. मापकाचा काटा अणुभट्टीत पाणी फार चढल्याचे दाखवतो, म्हणून ते कमी केले जाते. इतक्यात पाळीप्रमुख जॅक गॉडेल काचेवर टिचकी मारतो आणि अडकलेला काटा झरकन खाली येतो! पाणी चढलेले नव्हतेच. उलट इंधन उघडे पडण्याची वेळ आलेली असते. स्फोट नाही, पार्श्वसंगीत नाही. तरीही आपला श्वास रोखला जातो.

कॅमेरामनने हे सारे गुपचूप टिपलेले असते. ते दाखवण्याचे धैर्य मात्र वाहिनीच्या व्यवस्थापनाला होत नाही. पत्रकार म्हणून हा प्रसंग मला अधिक बोचला.

गॉडेलची भूमिका जॅक लेमन यांनी केली आणि त्यासाठी कान महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. गॉडेल अणुऊर्जेचा विरोधक नव्हे. आपल्या केंद्रावर त्याचे जिवापाड प्रेम आहे. म्हणूनच निरनिराळ्या जोडांच्या तपासणीत क्ष-किरणांचे एकच छायाचित्र पुनःपुन्हा लावल्याचे आढळताच तो स्वस्थ बसू शकत नाही. हे सांगण्याची किंमत तो प्राणांनी चुकवतो.

चित्रपटात दोषही आहेत. कंपनीचे अधिकारी नको इतके काळेकुट्ट रंगवले आहेत. पाठलाग आणि घातपात मला अनावश्यक वाटले. याचा दाखला प्रत्यक्ष इतिहासानेच दिला. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर अवघ्या १२ दिवसांनी, २८ मार्च १९७९ रोजी, पेनसिल्व्हेनियातील थ्री माईल आयलंड केंद्रात अपघात झाला. तेथे खलनायक कोणीच नव्हता. एक झडप उघडीच अडकली होती. फलकावरील दिवा मात्र झडप बंद करण्याचा संदेश गेला, एवढेच सांगत होता. ती खरोखर बंद झाली की नाही, हे नव्हे. पाणी पुरेसे आहे अशा समजुतीने कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणीपुरवठा घटवला आणि भट्टीचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला. भट्टीचे पोलादी पात्र टिकले, म्हणून मोठा अनर्थ टळला.

अणुऊर्जा नको, असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. राष्ट्राला वीज हवी, तंत्रज्ञानही हवे. पण खरी विज्ञाननिष्ठा म्हणजे काट्यावरची अंधश्रद्धा नव्हे. काचेवर टिचकी मारून पाहणारा मनुष्य प्रत्येक व्यवस्थेत हवा. आणि तो बोलू लागला, की त्याला घरभेदी न ठरवता त्याचे ऐकून घेणारे आपणही हवेत.