वर्गातील संगणक व जाहिरातींचा उपद्रव



संगणकावर पाठ दाखविताना मध्येच जाहिरात अवतरते. मुलांचे चित्त विचलित होते. ‘डाउनलोड’चे खोटे बटण दाबले गेल्यास संगणकासही अपाय संभवतो. यास्तव ब्राउझर विचारपूर्वक निवडावा.

जाहिराती अडविणारे ‘युब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन २०१४ पासून विनामूल्य मिळते. क्रोमचे नियम पालटल्यामुळे २०२५ साली ते तेथे बंद झाले. त्याची ‘लाइट’ ही मर्यादित आवृत्ती तेवढी चालते. फायरफॉक्समध्ये मात्र मूळ एक्स्टेन्शन संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाईलवरही चालते.

एक्स्टेन्शनला आपण उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची मुभा असते. म्हणून ‘ओरिजिन’ हा शब्द नावात पाहूनच ते घ्यावे, आणि असे एकच बसवावे. राखणदार ठेवावयाचा, तो पारखूनच ठेवावा.