फुलराणीच्या पलीकडच्या भक्ती बर्वे



नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षानं नाट्यगृहांची दुरवस्था, अनुदान आणि तिकिटांचे दर यांवर बोलावं अशी रीत आहे. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर परिसंवादांत माझ्यापेक्षा जाणकार माणसं बोलणार आहेत. मला मिळालेली वेळ मी एका अभिनेत्रीसाठी मागून घेते. भक्ती बर्वे. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचिक अभिनय शिकवताना हे नाव घेतलं की वर्गातून एकच उत्तर येतं, ‘ती फुलराणी’. उत्तर चुकीचं नाही, पण फार अपुरं आहे. फुलराणीच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे कळल्याशिवाय फुलराणीही नीट कळत नाही.

भक्तीताईंचा जन्म १९४८चा. रंगमंचाची पहिली ओळख बालनाट्यात झाली, सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमध्ये. बालनाट्य हे फार कडक विद्यापीठ आहे. मोठी माणसं कंटाळली तरी तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून बसून राहतात, मुलं खुर्चीवर उभी राहून मागे बघायला लागतात. त्यांना धरून ठेवायचं तर शब्द स्वच्छ हवा आणि वाक्याचा शेवट ऐकू गेला पाहिजे. पुढे आकाशवाणीवर निवेदन. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या देणाऱ्या चेहऱ्यांपैकी एक भक्तीताईंचा होता. समोर कागद, मधूनच नजर वर, आणि घराघरांत ऐकू येणारी प्रमाण मराठी. आज ज्यांची साठी उलटली आहे, त्यांतल्या अनेकांच्या कानावर ‘शुद्ध’ मराठी पहिल्यांदा नियमानं पडली ती अशाच काही आवाजांतून.

आणि १९७५ साली हीच निवेदिका रंगमंचावर आली ती ‘ण’ न येणारी, फुलं विकणारी मंजुळा साळुंके होऊन.

हा योगायोग किती विलक्षण होता याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं. पु. ल. देशपांडे यांनी जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ हे नाटक बेतलं, बसवलंही त्यांनीच. मंजुळेला प्रमाण भाषा शिकवणारे प्रोफेसर अशोक जहागीरदार झाले होते सतीश दुभाषी. शॉच्या लंडनमध्ये उच्चारावरून माणसाचा वर्ग कळतो. आपल्याकडे उच्चार त्याहून जास्त काही सांगून जातो. पाणी की पानी, शाळा की साळा, एवढ्यावरून ऐकणारा माणूस समोरच्याचं गाव, शिक्षण आणि बहुतेक वेळा जातही ठरवून मोकळा होतो. पुलंना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या नाटकात एक मोठा धोकाही होता. पहिल्या अंकात मंजुळा बोलली की प्रेक्षक हसणार. अभिनेत्रीनं त्या हशाची चटक लावून घेतली असती तर मंजुळेचा विदूषक झाला असता, आणि आपण पांढरपेशे लोक स्वतःच्या ‘ण’वर खूश होऊन घरी गेलो असतो.

तसं झालं नाही. भक्तीताईंची मंजुळा स्वतःच्या बोलीची लाज बाळगत नव्हती. मी ते नाटक तरुणपणी शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतून पाहिलं. प्रोफेसर निघून जातो, मंजुळा एकटी उरते आणि त्याला धडा शिकवण्याचं ते स्वगत सुरू होतं. प्रत्येक वाचिक स्पर्धेत आज मुली ते स्वगत करतात आणि बहुतेक जणी पहिल्या वाक्यापासून ओरडतात. भक्तीताई काय करत होत्या ते नीट ऐकण्यासारखं आहे. संताप आधी श्वासात यायचा, मग शब्दात. आवाज चढायचा तो एका दमात नाही, पायरीपायरीनं, आणि मध्येच पोरवयाची मुलगी सूडाचं स्वप्न रंगवताना जशी हरखते तसा तो हलका व्हायचा. रडं आणि हसू यांच्यामध्ये त्यांनी कुठे सांधा दिसू दिला नाही. शब्द अशुद्ध, पण उच्चार इतका स्वच्छ की शेवटच्या रांगेत एक अक्षर सांडत नव्हतं. बोलीतला शब्द उच्चारायला प्रमाण शब्दापेक्षा कमी मेहनत लागते, हा समज ज्याच्या मनात असेल त्यानं ते स्वगत पुन्हा ऐकावं.

उत्तरार्धात मंजुळा प्रमाण भाषा बोलू लागते. तिथेही मला जे ऐकू आलं ते सांगते. ती भाषा भक्तीताईंची रोजची भाषा होती, बातम्यांची होती. तरी मंजुळेच्या तोंडी ती किंचित जास्त जपून यायची, नवी साडी नेसलेल्या बाईनं निऱ्यांकडे बघत चालावं तशी. ज्या भाषेत आपण जन्मलो ती परकी करून बोलायची, हे फार अवघड काम आहे.

पुढचा प्रवास पाहा. मुंबई दूरदर्शनच्या ‘बहिणाबाई’त त्या बहिणाबाई चौधरी झाल्या. जळगावजवळच्या असोद्याची, अक्षरओळख नसलेली कवयित्री, आणि तिची लेवा गणबोली. आता न-ण बदलून भागणार नव्हतं, सगळी चालच वेगळी. इथे आवाज सभागृहात फेकायचा नव्हता, माइक जवळ होता, कॅमेरा त्याहून जवळ. १९८३च्या ‘जाने भी दो यारो’त ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन, गोड आवाजात सौदे करणारी. अशोक पाटोळेंच्या ‘आई रिटायर होते’मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मोठ्या मुलांची आई उभी केली. नायिकेच्या भूमिका मिळत असताना असं वय स्वीकारणाऱ्या नट्या तेव्हाही थोड्या होत्या. आणि ‘गांधी विरुद्ध गांधी’त कस्तुरबा, नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये पिळवटून निघालेली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९०चा मिळाला.

खासगी आयुष्याबद्दल मी थोडंच बोलेन. शफी इनामदार हे त्यांचे पती, स्वतः मोठे नट आणि दिग्दर्शक. ते १९९६ साली गेले. जून २०००मध्ये पुलं गेले. त्यानंतर भक्तीताई ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करत होत्या. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्या गेल्या. वय अवघं बावन्न. दौऱ्यावर आयुष्य काढलेल्या माणसांना अशा परतीच्या प्रवासाचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. प्रयोग संपला की रात्रीच निघायचं, सकाळी दुसरीकडे पोचायचं, ही आपल्या धंद्याची पद्धत आहे, आणि तिची किंमत मराठी रंगभूमीनं अनेकदा मोजली आहे. निर्मात्यांना माझी हात जोडून विनंती आहे की दौऱ्याच्या करारात रात्रीच्या मुक्कामाचा खर्च लिहा.

आता आजच्याबद्दल. मालिकांमध्ये सध्या बोली खूप ऐकू येते आणि मला त्याचा आनंद आहे. पण कोल्हापूर, बीड आणि अकोला यांची मिळून एक भलतीच ‘गावरान’ भाषा तयार झाली आहे, जी कुठल्याच गावात कुणी बोलत नाही. सकाळी हातात पडलेलं पान दुपारी चित्रित होणार असेल तर नटीला मी दोष देणार नाही. दोष व्यवस्थेचा आहे. बहिणाबाईची बोली अशी घाईत तोंडात बसत नाही. वाहिन्या वेशभूषाकार नेमतात, केशभूषाकार नेमतात. त्या त्या मुलखातला एक माणूस बोलीसाठी नेमायला त्यांना जड का जावं? आमच्या प्रशिक्षण संस्थांतही अजून ‘उच्चार सुधारणे’ म्हणजे गावाकडून आलेल्या मुलामुलींची बोली घालवणे, असंच चालतं. मंजुळेला जे सोसावं लागलं तेच आम्ही अभ्यासक्रम म्हणून शिकवतो. मुलीला दोन्ही यायला हवं, आणि दोन्हींत तिला मान ताठ ठेवता यायला हवी.

शेवटी एक मागणी. एके काळी टेप महाग म्हणून दूरदर्शनवरची कितीतरी चित्रीकरणं पुसून त्यांवर नवी झाली. फुलराणीच्या स्वगताचा एक तुकडा वाचला आणि आज तो मुलांच्या मोबाइलवर फिरतो, हे आपलं भाग्य. पण मंजुळा तुकड्यात समजत नाही, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकत्र ऐकावे लागतात. दूरदर्शन, आकाशवाणी, नाट्यसंस्था आणि खासगी संग्राहक यांच्याकडे मराठी नाटकांची जी ध्वनिमुद्रणं आणि चित्रफिती शिल्लक असतील त्यांची एक सूची करावी, आणि विद्यार्थ्यांना त्या मोफत ऐकता-पाहता याव्यात, असा ठराव मी या संमेलनापुढे मांडते. सूचीचं काम सुरू करायला सरकारी आदेशाची गरज नाही. आपल्यापैकी ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या बुरशी लागण्याआधी खाली काढाव्यात, वर नाटक, साल आणि कलावंतांची नावं लिहावीत, आणि बाहेरच्या टेबलावर स्वयंसेवक बसले आहेत, त्यांच्याकडे आजच नोंद करावी.